विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांची विद्युत दुरुस्ती : सुरक्षिततेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गॅरेजमध्ये काम करणारे मेकॅनिक आणि वायरमन, आयटीआयचे विद्यार्थी आणि अशा गाड्यांचे मालक यांच्यासाठी आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचा हात धीट असतो. मात्र त्या धीटपणासोबत आलेल्या काही सवयी या गाड्यांवर जिवावर बेतू शकतात, आणि येथील बहुतेक प्रश्न अशाच सवयींमधून आलेले आहेत. प्रत्येक मॉडेलचा दुरुस्तीचा क्रम वेगळा असल्यामुळे कंपनीची दुरुस्ती पुस्तिका आणि येथील मजकूर यांत फरक आढळल्यास पुस्तिकाच प्रमाण मानावी.

कोणत्या गाडीत धोकादायक विद्युतदाब असतो?

भारतात चारचाकी विद्युत वाहनांना लागू असलेल्या एआयएस-०३८ या मानकानुसार डीसी ६० व्होल्टच्या वर किंवा एसी ३० व्होल्टच्या वर असलेला दाब हाय व्होल्टेज समजला जातो. २०२० साली बाजारात आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी सुमारे ३२० व्होल्टची होती. मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत विजेच्या मोटारीवरही चालणाऱ्या, प्रकारात १७७.६ व्होल्टची बॅटरी आहे. हायब्रिडची बॅटरी आकाराने लहान असते म्हणून तिचा धोकाही लहान असेल, असे समजू नये. टोयोटा प्रियसच्या तिसऱ्या पिढीत बॅटरी २०१.६ व्होल्टचीच होती, पण कन्व्हर्टर तो दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवून मोटारीला देत असे. बॅटरीवरचा आकडा वाचून गाफील राहणाऱ्याला इन्व्हर्टरजवळ, म्हणजे बॅटरीची डीसी वीज मोटारीसाठी एसी करणाऱ्या भागाजवळ, तिपटीहून अधिक दाब भेटू शकतो.

याउलट मारुतीच्या अनेक गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिलेले असले, तरी ती १२ व्होल्टची माइल्ड हायब्रिड, म्हणजे मोटार इंजिनला फक्त थोडी मदत करते अशी, यंत्रणा असते आणि तिच्यात हाय व्होल्टेज नसते. त्यामुळे गाडीच्या मागे लावलेल्या बिल्ल्यावरून निष्कर्ष काढू नये. बोनेट उघडून जाड नारिंगी केबल दिसतात का ते पाहावे, आणि गाडीचा नेमका प्रकार पुस्तिकेतून पडताळून घ्यावा.

१२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली की गाडी ‘मेली’ असे समजायचे ना?

नाही. १२ व्होल्टची बॅटरी काढल्यावर कंट्रोल युनिट बंद पडतात, आणि हाय व्होल्टेज बॅटरीला बाकीच्या गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे रिले, उघडतात. ते उघडायला हवेत, एवढेच आपण म्हणू शकतो. मोठा प्रवाह वाहताना कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटण्याचा दोष या क्षेत्रात ओळखीचा आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही.

दुसरे असे की, इन्व्हर्टरमधील कपॅसिटर बॅटरीशी जोड तुटल्यानंतरही काही काळ भरलेला राहतो. १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टवर असेल, तर त्यात ८० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, आणि ती हातातून एका क्षणात वाहून जाऊ शकते. तो रिकामा करण्यासाठी गाडीतच रोधक बसवलेले असतात, पण त्यांनाही वेळ लागतो, आणि तेही बिघडू शकतात.

तिसरी गोष्ट बॅटरीची. काहीही तोडले तरी बॅटरी पॅकच्या आतले सेल जिवंतच असतात. गाडी बंद करता येते, पण पॅक बंद करता येत नाही.

घरच्या वायरिंगला लावतो तो टेस्टर लावून पाहिले तर चालेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथे टेस्टर खोटे सांगतो.

घरात फेजला टेस्टर लावला की त्यातला निऑन दिवा पेटतो. वीज टेस्टरमधून आपल्या शरीरात, शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून परत ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंग केलेल्या न्यूट्रलपर्यंत जाते. हे वर्तुळ पूर्ण झाल्यामुळेच दिवा लागतो. गाडीतील हाय व्होल्टेज यंत्रणेचे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह यांपैकी काहीही जमिनीला किंवा गाडीच्या बॉडीला जोडलेले नसते. ती यंत्रणा सर्व बाजूंनी अलग ठेवलेली असते, त्यामुळे ३२० व्होल्टच्या जिवंत टर्मिनलला टेस्टर लावला तरी दिवा पेटण्याची खात्री नसते. एक टोक बॉडीला लावून टेस्ट लॅम्प धरला तरी तेच घडते. न पेटलेला दिवा पाहून ज्याने दोन्ही टर्मिनलवर हात ठेवला, त्याच्या शरीरातून मात्र पूर्ण ३२० व्होल्टच्या दाबाने प्रवाह वाहील.

गॅरेजच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणेही याच कारणासाठी चुकीचे आहे. तो महावितरणच्या पुरवठ्यातील गळती ओळखतो. गाडीच्या बॅटरीशी त्याचा काहीच संबंध नसतो. तो बोर्डावर असायलाच हवा, पण बॅटरीच्या धक्क्यापासून तो वाचवणार नाही.

मग वीजपुरवठा तोडण्याचा योग्य क्रम कोणता?

बारकावे मॉडेलनुसार बदलतात, पण सर्वसाधारण क्रम असा असतो. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना अडथळे द्यावेत, चार्जिंगची केबल काढलेली आहे याची खात्री करावी आणि गाडी पूर्ण बंद करावी. स्मार्ट की गाडीपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत, कुलूपबंद ठेवावी. गाडीभोवती दोरी किंवा शंकू लावून ‘हाय व्होल्टेज काम सुरू आहे, हात लावू नये’ अशी पाटी मराठीत आणि गरज असल्यास हिंदीतही लावावी, कारण गॅरेजमध्ये धुण्यापुसण्याचे काम करणारा मुलगा परप्रांतातील असू शकतो आणि पाटी सर्वांत जास्त त्याच्यासाठीच असते.

त्यानंतर १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून तिचे टोक पुन्हा टेकणार नाही असे बांधावे. विद्युतरोधक हातमोजे घालून सर्व्हिस प्लग किंवा डिस्कनेक्ट स्विच, म्हणजे हाय व्होल्टेज बॅटरीचे वर्तुळ तोडणारा जोड, काढावा. काढलेला प्लग ज्याने काढला त्याच्याच खिशात किंवा त्याच्याच किल्लीने बंद होणाऱ्या पेटीत राहिला पाहिजे. तो सीटवर किंवा बॉनेटच्या कडेवर ठेवून जेवायला गेलेल्या माणसाच्या मागे दुसऱ्या कोणी सद्हेतूनेच तो जागेवर बसवला, तर काय होईल याचा विचार करावा. उघड्या राहिलेल्या खाचेवर विद्युतरोधक टेप किंवा झाकण लावावे.

यानंतर थांबायचे असते. अनेक पुस्तिका ५ ते १० मिनिटे सांगतात आणि टोयोटाच्या हायब्रिडसाठी किमान १० मिनिटे सांगितलेली आहेत. हा वेळ घड्याळ लावून मोजावा, अंदाजाने नाही. आणि एवढे सारे केल्यानंतरही गाडी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. ते मीटरवर शून्य दिसल्यानंतरच म्हणता येते.

शून्य व्होल्ट आहे हे कसे तपासावे?

मोजणी तीन टप्प्यांत होते. आधी मीटर १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीला लावून तो बरोबर दाखवतो हे पाहावे. मग हातमोजे घातलेलेच ठेवून, पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणी, बहुधा इन्व्हर्टरच्या इनपुट टर्मिनलवर, पॉझिटिव्ह ते निगेटिव्ह, पॉझिटिव्ह ते बॉडी आणि निगेटिव्ह ते बॉडी असे तिन्ही मोजावे. शेवटी मीटर पुन्हा त्याच १२ व्होल्टच्या बॅटरीला लावावा. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात. मोजताना मीटरची वायर आतून तुटली किंवा मीटर बिघडला, तर पडद्यावर शून्यच दिसू शकते, आणि हे शून्य गाडीचे की मीटरचे हे त्या टप्प्याशिवाय कळत नाही.

मीटर कॅट-३ (दाबाच्या अचानक उसळीपासून संरक्षणाचा वर्ग), १,००० व्होल्ट या दर्जाचा असावा आणि त्याच्या दोन्ही वायरीही त्याच दर्जाच्या असाव्यात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरच्या चकतीवर १,००० व्होल्टचा आकडा छापलेला असतो, पण त्यात योग्य क्षमतेचे फ्यूज नसतात आणि वायरींचे आवरण पातळ असते. अशा मीटरची लाल वायर आधीच्या कामातून १० अँपिअरच्या छिद्रात तशीच राहिली असेल आणि कोणी ती हाय व्होल्टेज टर्मिनलला लावली, तर तो थेट शॉर्ट ठरतो आणि मीटर हातातच फुटू शकतो. प्रत्येक मोजणीपूर्वी लाल वायर कोणत्या छिद्रात आहे आणि चकती डीसी व्होल्टवर आहे का, हे डोळ्यांनी पाहून तोंडाने म्हणावे. म्हणताना ऐकणारा सहकारी शेजारी असेल तर अधिकच चांगले.

मोजलेला आकडा शून्याच्या जवळ न जाता रेंगाळत असेल, तर काम तिथेच थांबवावे. कपॅसिटर स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ‘रिकामा’ करण्याचा प्रकार कोणत्याही परिस्थितीत करू नये.

हातमोजे कोणते घ्यावेत? इलेक्ट्रिकच्या दुकानातले लाल रबरी मोजे चालतील का?

ज्यावर दर्जाची नोंद नाही असा कोणताही मोजा चालणार नाही. आयईसी ६०९०३ किंवा भारतीय मानक आयएस ४७७० यांनुसार तपासलेला मोजा घ्यावा. आयईसीच्या वर्गवारीत क्लास ० हा १,००० व्होल्ट एसीसाठी असतो, आणि गाड्यांच्या कामासाठी तोच घेणे योग्य आहे. मनगटाजवळच्या शिक्क्यात वर्ग, माप आणि निर्मितीची तारीख असते, ती खरेदी करतानाच वाचावी.

मोजा घालण्यापूर्वी दरवेळी त्याची हवेची चाचणी करायची असते. मनगटाची कड दोन्ही हातांनी ताणून धरावी आणि बोटांच्या दिशेने गुंडाळत न्यावी, म्हणजे आतली हवा पंज्यात कोंडली जाऊन मोजा फुगतो. मग तो गालाजवळ धरून हलकेच दाबावा. सुईच्या अग्राएवढे छिद्र असले तरी हवेची झुळूक गालाला जाणवते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा बोटाने ताणून पाहावी, कारण रबराला चिरा बहुधा तिथेच पडतात. छिद्र, चीर, चिकटपणा किंवा रंग उडालेला डाग आढळला, तर मोजा कापून टाकावा. नुसता कचऱ्यात टाकलेला मोजा पुन्हा कोणाच्या तरी हातात येतो.

रबरी मोज्यावर चामड्याचा मोजा घालावा आणि चामड्याची कड रबराच्या कडेपेक्षा आखूड असावी. ग्रीस, पेट्रोल आणि हाताला लावण्याचे मलम यांनी रबर खराब होते. मोजे घडी घालून पान्यांच्या पेटीत कोंबू नयेत. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांत दर सहा महिन्यांनी अशा मोज्यांची विद्युत चाचणी करून घेणे बंधनकारक आहे, आणि आपल्याकडील घाम, धूळ आणि उष्मा पाहता याहून जास्त मुदत धरणे मला योग्य वाटत नाही.

याशिवाय अंगावर काय असावे आणि काय नसावे?

अंगठी, कडे, गळ्यातली साखळी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आणि पट्ट्याचे मोठे बक्कल काढून ठेवावे. वरच्या खिशातील पेन आणि मोबाइलही काढावा, कारण वाकल्यावर तो नेमका उघड्या टर्मिनलवर पडतो. चेहऱ्यावर ढाल किंवा चष्मा, सुती कपडे आणि पायाखाली आयएस १५६५२ मानकाची विद्युतरोधक चटई असावी. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर १,००० व्होल्टचे, दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह असलेले घ्यावेत. साध्या पान्याला टेप गुंडाळल्याने तो विद्युतरोधक होत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात फरशीवर ओल असते, आणि एप्रिल-मेमध्ये अंग घामाने भिजलेले असते. ओल्या त्वचेचा विद्युतरोध कोरड्या त्वचेच्या मानाने फारच कमी असतो. फरशी पुसून आणि हात कोरडे करूनच काम सुरू करावे, आणि गळक्या पत्र्याखाली हाय व्होल्टेजचे काम घेऊच नये.

हे काम एकट्याने केले तर चालेल का?

नाही. दुसरा माणूस जवळ असावा, त्याला मुख्य स्विच, विद्युतरोधक आकडा (धक्का बसलेल्याला दूर ओढण्याचा हुकाचा दांडा) आणि हृदयपुनरुज्जीवन (सीपीआर) या तिन्हींची माहिती असावी आणि त्याने त्या वेळी दुसरे काम करू नये.

आम्ही फक्त टायर, ब्रेक आणि ऑइल पाहतो. आम्हालाही काळजी घ्यावी लागेल का?

लागेल, पण वेगळी. हायब्रिड गाडी आवाज न करता ‘रेडी’ अवस्थेत उभी असू शकते, आणि बॅटरी उतरताच इंजिन आपोआप सुरू होते. त्या वेळी कोणाचा हात बेल्टजवळ असेल किंवा ऑइलचा नट उघडलेला असेल, तर अपघात ठरलेला आहे. म्हणून डॅशबोर्डवरचा ‘रेडी’ दिवा बंद असल्याची खात्री करावी आणि किल्ली दूर ठेवावी. गाडी जॅकवर किंवा दोन खांबी लिफ्टवर घेताना टेकू कंपनीने दाखवलेल्या जागीच द्यावा, कारण अनेक गाड्यांत पूर्ण फरशीखाली बॅटरी पसरलेली असते. नारिंगी केबल बाजूला सरकवणे, तिला काही बांधणे किंवा तिच्यावर पाना टेकवणे टाळावे.

गाडीतील एसीचे, म्हणजे वातानुकूलनाचे, काम तर साधेच असते ना?

या गाड्यांत ते साधे राहिलेले नाही, आणि चांगल्या एसी मेकॅनिकचीही येथे फसगत होते. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर बेल्टवर चालत नाही. त्याच्या आतच हाय व्होल्टेजवर चालणारी मोटार असते आणि तिचे वाइंडिंग रेफ्रिजरंट आणि ऑइल यांच्या मिश्रणातच असते. म्हणून त्या ऑइलने वीज वाहू देता कामा नये. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये एनडी-११ हे पीओई प्रकारचे ऑइल सांगितलेले आहे. नेहमीच्या गाड्यांत वापरले जाणारे पीएजी ऑइल त्यात थोडेसे मिसळले तरी विद्युतरोध घसरतो, गाडी इन्सुलेशनचा दोष दाखवते आणि कित्येकदा ‘रेडी’ होण्याचेच नाकारते. मग कॉम्प्रेसरसह बरेच भाग बदलण्याची वेळ येते.

ऑइल चुकीचे भरले जाण्यासाठी कोणी चुकीचा डबा उचलावाच लागतो असे नाही. गॅस भरण्याच्या मशीनच्या पाइपमध्ये आधीच्या गाडीचे उरलेले पीएजी पुरेसे असते. शक्य असल्यास या गाड्यांसाठी वेगळे मशीन ठेवावे. ते शक्य नसेल, तर पाइप धुण्याची सोय असलेले मशीन वापरावे. गळती शोधण्याचा रंगही कंपनीने मान्य केलेलाच असावा.

गाडी इन्सुलेशनचा दोष दाखवते, पण मल्टिमीटरवर काहीच सापडत नाही. असे का?

मल्टिमीटर रोध मोजताना अगदी कमी दाब देतो आणि त्या दाबाला कमजोर आवरणही टिकते. म्हणून ५०० किंवा १,००० व्होल्ट देणारा मेगर लागतो. मानकांनुसार एसी आणि डीसी दोन्ही भाग एकत्र असलेल्या यंत्रणेत प्रत्येक व्होल्टमागे किमान ५०० ओहम इन्सुलेशन हवे, म्हणजे ३२० व्होल्टच्या गाडीत १,६०,००० ओहम. मेगर कोणत्या टोकांना लावायचा आणि किती व्होल्टवर लावायचा, हे पुस्तिकेतूनच पाहावे. तो बॅटरी पॅकला किंवा इलेक्ट्रॉनिक भागांना जोडलेला असताना चालवला, तर बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, जळू शकतो.

इन्सुलेशनच्या दोषाचा दिवा लागलेला असताना गाडी चालते म्हणून दुरुस्ती पुढे ढकलू नये. यंत्रणेची एक बाजू बॉडीला टेकली की माणसाला अजून धक्का बसत नाही, पण त्या क्षणापासून पूर्ण बॉडी हे त्या बॅटरीचे एक टोक झालेले असते. मग बॉडीला टेकून उभ्या असलेल्या मेकॅनिकचे एक बोट दुसऱ्या टोकाला लागणे पुरेसे आहे.

स्कूटर आणि ई-रिक्षा ४८ व्होल्टच्याच असतात. त्यांत घाबरण्यासारखे काय आहे?

कोरड्या हाताला ४८ व्होल्टचा जीवघेणा धक्का बसण्याची शक्यता कमी आहे, हे खरे. तेथील धोका शॉर्टचा आणि आगीचा आहे. लिथियम पॅकची टोके पान्याने जोडली गेली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, पाना लाल होतो आणि बोटातली अंगठी हाडापर्यंत भाजते. डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझतही नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला, आणि त्या उन्हाळ्यात देशभर अशा आणखी घटना घडल्या. त्यानंतर दुचाकी-तिचाकींसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात सुधारणा झाली. सेल, बीएमएस, चार्जर, पॅकची रचना आणि एका सेलमधील उष्णता दुसऱ्यात पसरणे यांविषयीचे नियम कडक करण्यात आले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जे मोठ्या मेहनतीने कडक केले गेले, ते गल्लीतल्या दुरुस्तीत एका वायरीने निकामी करता येते. बीएमएस वारंवार बंद पडतो म्हणून तो ‘बायपास’ करून देणे, जुन्या पॅकमध्ये दोन-चार नवे सेल घालणे किंवा लिथियम पॅकला लेड-अॅसिडचा चार्जर देणे, ही दुरुस्ती नव्हे. ग्राहकाने आग्रह धरला तरी ती करू नये. ती स्कूटर रात्री त्याच्या घरात, बहुधा दाराशीच, चार्जिंगला लागलेली असते.

बॅटरी पॅक उघडून एखादा खराब मॉड्यूल बदलावा का?

कंपनीचे प्रशिक्षण, स्वतंत्र जागा आणि साधने नसतील, तर नाही. पॅकच्या आत सर्व्हिस प्लगचा उपयोग फक्त पॅकचे दोन भाग करण्यापुरता असतो. प्रत्येक भाग जिवंतच राहतो. निकामी पॅक भंगारवाल्याला देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

पुरात बुडालेली गाडी आली तर?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा रस्त्यांवर विजेच्या गाड्या तुरळक होत्या. पुढच्या मोठ्या पुरात तसे नसेल, आणि कोकण, मुंबई, कोल्हापूर, सांगली येथील गॅरेजांनी आत्तापासून याची तयारी ठेवली पाहिजे.

बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये आणि चार्जिंगला लावू नये. बॅटरी पॅक सहसा पाणी रोखणारा असतो, पण वर्षानुवर्षे खड्ड्यांतून आपटलेल्या झाकणाचे रबर तसेच राहिले असेल, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. खारे पाणी अधिक वाईट, कारण ते वीज चांगली वाहून नेते आणि सुकल्यावर क्षारांचा थर मागे ठेवते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयन चक्रीवादळाचा तडाखा बसला, त्यानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्यांना पाणी ओसरल्यानंतर आगी लागल्या. खाडीकाठच्या गावांनी हे विशेष लक्षात घ्यावे. अशी गाडी इमारतीपासून आणि इतर वाहनांपासून सुमारे १५ मीटर दूर, उघड्यावर ठेवावी. वर्कशॉपच्या छपराखाली किंवा सोसायटीच्या तळघरात कधीही नाही. बुडबुड्यांचा किंवा फुसफुस असा आवाज, धूर, गोडसर उग्र वास किंवा पॅकचा भाग तापणे यांपैकी काही जाणवले, तर माणसे दूर करून अग्निशमन दलाला बोलवावे.

अपघातग्रस्त गाडीलाही हाच नियम लावावा. एअरबॅग उघडल्यावर बहुतेक गाड्या हाय व्होल्टेज आपोआप तोडतात, पण तुटलेल्या नारिंगी केबलला मोजणीपूर्वी हात लावू नये.

टो करताना काय लक्षात ठेवावे?

मोटारीत कायमचे चुंबक असतील, तर चाके फिरली की ती जनरेटरसारखी वीज निर्माण करते, मग गाडी बंद असो वा नसो. म्हणून मोटारीची चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. गाडी फ्लॅटबेडवर चढवावी. लिफ्टवर घेतलेल्या गाडीचे चाक हाताने जोरात फिरवतानाही हे ध्यानात असावे.

वेल्डिंग आणि पेंटिंगचे काय?

वेल्डिंगपूर्वी १२ व्होल्ट आणि हाय व्होल्टेज दोन्ही तोडावे. पेंट बूथच्या उष्णतेसाठी कंपनीने बॅटरीची तापमान-मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली जात असेल, तर पॅक उतरवून घ्यावा.

बॅटरीने पेट घेतला तर कोणता सिलिंडर वापरावा?

वायरिंगची किंवा सीटची लहान आग पावडरच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने विझू शकते. लिथियम पॅकच्या आत सुरू झालेली उष्णतेची साखळी त्याने थांबत नाही, कारण तिला बाहेरच्या हवेची गरज फारशी नसते. तिला थंड करण्यासाठी हजारो लिटर पाणी लागू शकते आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे. १०१ किंवा ११२ वर कळवताना ‘विजेची गाडी आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला जावे. विझलेला पॅक काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा पेटू शकतो.

सहकाऱ्याला धक्का बसला तर पहिल्या मिनिटात काय करावे?

त्याला हाताने ओढू नये. विद्युतरोधक आकड्याने किंवा कोरड्या लाकडी दांड्याने त्याला वेगळे करावे. एकाने १०८ वर फोन करावा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.

माणूस उठून बसला आणि ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात नेऊन ईसीजी काढावा. हृदयाच्या लयीतील बिघाड नंतरही दिसू शकतो आणि विजेची भाजणी बाहेर टाचणीएवढी दिसत असताना आत खोलवर पसरलेली असते. त्याला त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नये. तो स्वतः तयार असला तरी.

पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे काम करावे का?

करू नये. सुट्या केलेल्या मोटारीच्या रोटरमधील चुंबक इतके शक्तिशाली असतात की त्यांच्याजवळ जाणेही टाळावे.

प्रशिक्षण कोठे मिळते?

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. वाहन क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम आहेत, आणि वाहन कंपन्या आपल्या अधिकृत केंद्रांतील कर्मचाऱ्यांना मॉडेलनुसार शिकवतात. व्हिडिओ पाहून क्रम कळतो, पण मोजा फुगवून पाहायची आणि मीटर दोनदा तपासायची सवय कोणीतरी शेजारी उभे राहून लावावी लागते.

गाडीचा मालक म्हणून मी गॅरेजला काय विचारावे?

हातमोजे दाखवायला सांगावे आणि त्यांची शेवटची चाचणी केव्हा झाली ते विचारावे. तुमच्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका त्यांच्याकडे आहे का, सर्व्हिस प्लग काढल्यावर तो कोण सांभाळतो आणि शून्य व्होल्टची नोंद जॉबकार्डावर लिहिली जाते का, हेही विचारावे. या प्रश्नांनी चांगला मेकॅनिक रागावत नाही. जो चिडतो किंवा ‘आमच्याकडे असले काही लागत नाही’ म्हणतो, त्याच्याकडून टायर बदलून घ्यायला हरकत नाही; नारिंगी केबलचे काम मात्र त्याला देऊ नये.